बेरजेचं रूप, गुणाकाराचं रूप

लालबागमध्ये मिरची कांडपाची एक गिरण आहे असं समजू. मार्च-एप्रिलात वर्षाच्या मसाल्यासाठी तिथे रांग लागते आणि मोटार सकाळपासून रात्रीपर्यंत थांबत नाही. ही मोटार तारेतून ५ केव्हीए ओढते. शेजारी खडा मसाला भाजायला विजेवरची भट्टी आहे, ती २ केव्हीए ओढते. दोन्ही एकदम चालू केल्या तर मुख्य तारेवर किती भार येईल? कुणीही सांगेल, ७. प्रत्यक्षात मोजलं तर तो निघतो ६.७१. मीटर बिघडलेला नाही. चुकलीय ती बेरीज.

मोटार फिरायची तर तिच्या गुंडाळीत चुंबकीय क्षेत्र तयार व्हावं लागतं. त्यासाठी लागणारी ऊर्जा ती तारेतून घेते, क्षणात परत करते, पुन्हा घेते. आपल्याकडे येणारी एसी वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, त्यामुळे ही देवघेव सेकंदाला १०० वेळा चालते. मिरची कांडण्यात या ऊर्जेचा वाटा शून्य. पण तिची तारेतून ये-जा सुरू असते, तार तिच्यामुळेही तापते, आणि वीज पुरवणाऱ्याला तेवढ्या जाडीची केबल आणि तेवढा मोठा ट्रान्सफॉर्मर ठेवावाच लागतो. म्हणजे मोटारीच्या ५ केव्हीएमध्ये दोन वेगळे हिस्से आहेत: कामाला लागणारे ४ किलोवॅट आणि नुसते ये-जा करणारे ३ किलोव्हार. हे दोन हिस्से एकमेकांशी काटकोनात असतात, म्हणून चाराचा वर्ग अधिक तीनचा वर्ग बरोबर पाचाचा वर्ग. भट्टीत नुसती तार तापवायची असते, तिथे देवघेव नाही, २ च्या २ किलोवॅट कामाचे. आता बेरीज नीट करता येते. किलोवॅटमध्ये किलोवॅट मिळवायचे, झाले ६. किलोव्हारमध्ये किलोव्हार, राहिले ३. छत्तीस अधिक नऊ पंचेचाळीस, आणि पंचेचाळिसाचं वर्गमूळ ६.७१.

विद्युत अभियंता हे सगळं एका ओळीत लिहितो. मोटार म्हणजे ४ + जे३, भट्टी म्हणजे २ + जे०, एकूण ६ + जे३. यातला जे म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. गणितज्ञ त्यालाच आय म्हणतात, पण विजेच्या धंद्यात आय हे अक्षर प्रवाहाने आधीच अडवून ठेवलेलं होतं. गिरणीच्या मालकाने उणे जे३ इतका कपॅसिटर बसवला तर ये-जा करणारी ऊर्जा मोटार आणि कपॅसिटर आपसात वाटून घेतात, मुख्य तारेवर उरतात फक्त ६ केव्हीए, आणि मिरची पूर्वीइतकीच कांडली जाते. हा कपॅसिटर का बसवायचा हे मोठ्या ग्राहकांना सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल २०२० पासून किलोवॅट-तासांऐवजी केव्हीए-तासांवर येतं.

ज्या संख्येला एक वास्तव भाग आणि एक कल्पित भाग असतो, ती संमिश्र संख्या. उणे संख्येला वर्गमूळ नसतं, कारण ती कुणाचाच वर्ग नसते, असं भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात स्पष्ट सांगून ठेवलं होतं. चार शतकांनी इटलीत बोंबेली या अभियंत्याने तरीही अशा मुळांशी आकडेमोड करण्याचे नियम १५७२ साली छापले. पुढे वेसेल, आर्गां आणि गाउस यांनी ही संख्या कागदावरचा एक बिंदू म्हणून दाखवली, आडव्या अक्षावर वास्तव भाग आणि उभ्या अक्षावर कल्पित. १८९३ साली शिकागोच्या विद्युत परिषदेत चार्ल्स स्टाइनमेट्झ याने एसी विजेचा सगळा हिशेब या संख्यांत मांडता येतो हे दाखवलं, आणि तोवर ज्यासाठी साइन-कोसाइनची पानंच्या पानं भरत होती, ते बेरीज-गुणाकारावर आलं.

ही सोय मुंबईला फार लवकर लागली. परळ-लालबागच्या कापड गिरण्या वाफेच्या इंजिनावर चालत, आणि त्यांचा कोळसा यायचा थेट बंगालमधून. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीने लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खोपोलीला खाली सोडून वीज तयार केली आणि ८ फेब्रुवारी १९१५ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते तिचा पुरवठा सुरू झाला. सुमारे ७० किलोमीटर तारांवरून ती मुंबईत आली, आणि तिचं पहिलं मोठं गिऱ्हाईक होत्या कापड गिरण्या. साचेखात्यातल्या पट्ट्यांच्या जागी मोटारी येऊ लागल्या. लालबागच्या आपल्या कांडप गिरणीत जे३ आहे. शेकडो मोटारींच्या एका कापड गिरणीत जेच्या पुढचा आकडा केवढा असेल याची कल्पना करा. स्टाइनमेट्झचा निबंध तेव्हा फक्त २२ वर्षांचा होता.

गंमत अशी की त्याच काळात मुंबईची ट्राम आणि पुढे लोकल मात्र डीसी विजेवर धावत होती. १९२५ साली व्हीटीहून कुर्ल्याला गेलेली पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसीवरची. डीसीमध्ये आवर्तन नाही, म्हणून देवघेव नाही, म्हणून साध्या वास्तव संख्यांवर भागतं. पश्चिम रेल्वेने २०१२ पर्यंत आणि मध्य रेल्वेने २०१६ पर्यंत उपनगरी मार्ग २५ हजार व्होल्ट एसीवर नेले, आणि दादरच्या टिळक पुलाखालच्या तारांचाही हिशेब जे घेऊन करायची वेळ आली.

आता हा हिशेब संगणकाला शिकवायचा आहे. संगणकाच्या मूळ यंत्राला संमिश्र संख्या नावाची वस्तू ठाऊक नसते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा टिफ्रॅक १९६० साली पूर्ण क्षमतेने सुरू झाला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. अशा यंत्रावर ४ + जे३ ठेवायचं म्हणजे दोन कप्पे घ्यायचे, एकात ४, दुसऱ्यात ३, आणि हे दोन कप्पे मिळून एकच संख्या आहे ही गोष्ट प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतः लक्षात ठेवायची. यंत्राच्या लेखी ते दोन सुटे आकडे. एका ठिकाणी क्रम उलटा झाला तर मोटार ३ + जे४ होते. तिचे केव्हीए पाचच राहतात, त्यामुळे चूक चटकन दिसतही नाही.

त्याच संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक आला आणि फोरट्रान भाषेतलं काम वाढलं. फोरट्रानच्या १९६६ च्या प्रमाणित आवृत्तीत संमिश्र संख्या हा भाषेचाच एक प्रकार होता. चल जाहीर करायचा, अधिकचं चिन्ह घालायचं, बाकीचं भाषा पाही. वैज्ञानिकांना याहून जास्त काही नको होतं, आणि माझ्या मते त्यांचं बरोबरच होतं. पण फोरट्रानने दिलेला प्रकार फोरट्रानने दिला होता. त्याच्यासारखा दुसरा प्रकार आपल्याला बनवता येत नसे. नंतर आलेल्या सी भाषेने तर संमिश्र संख्या वगळूनच टाकल्या आणि त्या परत घ्यायला तिला १९९९ साल उजाडलं.

बेल लॅब्जमध्ये बियार्न स्ट्रूस्ट्रूप १९७९ पासून सी भाषेला क्लास जोडण्याच्या खटपटीत होता. क्लास म्हणजे आपण घडवलेला प्रकार: आत कोणती माहिती राहील आणि बाहेरून तिच्याशी काय काय करता येईल, हे दोन्ही एका जागी बांधलेलं. त्या प्रकाराचा एकेक नमुना म्हणजे ऑब्जेक्ट. आपल्या लालबागच्या मोटारीचा भार हा संमिश्र या क्लासचा एक ऑब्जेक्ट, भट्टीचा भार दुसरा. पण स्वतः घडवलेल्या प्रकाराला अधिकचं चिन्ह चालत नसेल तर अभियंते फोरट्रान सोडून येणार नाहीत हे उघड होतं. म्हणून + आणि * या चिन्हांना आपल्या क्लाससाठी नवा अर्थ देण्याची, म्हणजे ती ओव्हरलोड करण्याची, सोय सी प्लस प्लसमध्ये आली, आणि तिच्यावर लिओनी रोझच्या साथीने बांधलेली संमिश्र संख्यांची लायब्ररी ही त्या भाषेच्या अगदी सुरुवातीच्या लायब्रऱ्यांपैकी एक ठरली.

तेव्हापासून हा क्लास अभ्यासक्रमात जो बसला तो उठलेला नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला हाच प्रयोग असतो: आकडे न देता ऑब्जेक्ट घडवला तर शून्य अधिक शून्य आय देणारा डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर लिहा, अधिक आणि गुणिले ही चिन्हं ओव्हरलोड करा, वाचायची आणि छापायची चिन्हंही ओव्हरलोड करा. माटुंग्याच्या व्हीजेटीआयपासून कोपऱ्यावरच्या खासगी क्लासपर्यंत सी प्लस प्लस शिकवणारा प्रत्येक जण कधी ना कधी फळ्यावर हे उदाहरण घेतोच. मुलं चार ओळी पाठ करतात, तोंडी परीक्षेत फ्रेंड फंक्शन म्हणजे काय ते सांगतात आणि पुढच्या प्रयोगाकडे वळतात. या प्रयोगात जो खरा प्रश्न दडलेला आहे, तो बहुतेकदा विचारलाच जात नाही. माहिती आत लपवायची म्हणतात, ठीक. पण इथे लपवण्यासारखं आहे काय? वास्तव भाग आणि कल्पित भाग, दोन आकडे. ते सगळ्यांना दिसले तर काय बिघडलं?

बिघडतं, कारण या संख्येला दुसरंही एक रूप आहे. कागदावरच्या बिंदूपर्यंत पोचायचं तर आडवं ४ आणि वर ३ जाता येतं, किंवा मूळबिंदूपासून ३६.८७ अंशांची दिशा धरून सरळ ५ चालत जाता येतं. पहिलं कार्तीय रूप, दुसरं ध्रुवीय. ५ हा मापांक, ३६.८७ हा कोनांक. विजेच्या भाषेत ५ म्हणजे केव्हीए, आणि त्या कोनाचा कोसाइन ०.८ म्हणजे मोटारीच्या पाटीवर लिहिलेला पॉवर फॅक्टर. वायरमन मोटारीची ओळख ध्रुवीय रूपात सांगतो. बेरीज मात्र त्या रूपात होत नाही, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं.

गुणाकार-भागाकारात हेच उलटं होतं. २३० व्होल्टच्या तारेला ३ + जे४ ओहमची गुंडाळी जोडली तर प्रवाह किती? कार्तीय रूपात भागायचं तर छेदाच्या कल्पित भागाचं चिन्ह उलटं करून अंश-छेदाला त्याने गुणायचं, मग पंचविसाने भागायचं, आणि २७.६ उणे जे३६.८ अँपिअर असं उत्तर यायचं. ध्रुवीय रूपात गुंडाळी म्हणजे ५ ओहम, ५३.१३ अंश. २३० भागिले ५ बरोबर ४६ अँपिअर, कोन उणे ५३.१३. दुसऱ्या पद्धतीत तोंडी हिशेब झाला. मापांकांचा भागाकार, कोनांची वजाबाकी, संपलं.

तेव्हा बेरीज-वजाबाकीला एक रूप सोयीचं आणि गुणाकार-भागाकाराला दुसरं, आणि विजेच्या कुठल्याही खऱ्या हिशेबात दोन्ही एकामागोमाग लागतात. एमआयटीच्या एबलसन आणि ससमन यांनी १९८५ च्या आपल्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकात नेमकं हेच उदाहरण घेऊन दोन काल्पनिक प्रोग्रामर उभे केले. एक जण कार्तीय रूप साठवतो, दुसरी ध्रुवीय, आणि दोघांचं काम एकाच प्रणालीत नांदवायचं आहे. त्यावरचा तोडगा क्लासच्या भाषेत असा दिसतो:

क्लास संमिश्र
  बाहेरून दिसणारं: वास्तव(), कल्पित(), मापांक(), कोनांक(), +, −, ×, ÷
  आतलं: दोन आकडे. कोणते, ते विचारायचं नाही.

गिरणीचा हिशेब करणारा प्रोग्राम मोटारीला मापांक विचारील किंवा वास्तव भाग विचारील. आत काय साठवलंय, हे त्याला कळायचं कारण नाही. उद्या आतलं रूप बदललं तरी त्याची एकही ओळ बदलावी लागू नये. लपवण्याचा सगळा खटाटोप यासाठी आहे, आणि म्हणून प्रयोगवहीत आणखी एकच प्रश्न असायला हवा असं मला वाटतं: मुख्य प्रोग्रामला हात न लावता आतलं रूप कार्तीयचं ध्रुवीय करून दाखवा. ज्या मुलाने वास्तव आणि कल्पित हे आकडे सगळीकडे थेट वापरलेले असतील, त्याला क्लास म्हणजे काय ते त्या दिवशी कळेल.

मग आत ठेवावं कोणतं रूप? तराजू बरोबरीत दिसतो, पण प्रत्यक्षात जवळपास सगळ्या भाषांनी कार्तीय रूपच निवडलं, आणि त्याची कारणं बारीकसारीक आहेत. ध्रुवीय रूपात एकाच संख्येची अनेक लिखाणं होतात. ३० अंश आणि ३९० अंश म्हणजे एकच दिशा. शून्याला तर दिशाच नाही, त्यामुळे मापांक शून्य आणि कोन कुठलाही, सगळं सारखंच. दोन ऑब्जेक्ट समान आहेत का हा साधा प्रश्न तिथे अवघड होऊन बसतो. प्रत्येक वेळी कोन ठरावीक पल्ल्यात आणून मगच ताडून पाहावं लागतं. कार्तीय रूपात वास्तव भागाशी वास्तव, कल्पिताशी कल्पित, की झालं. एका रूपातून दुसऱ्यात आणि परत असा फेरा मारला तर शेवटच्या दशांशस्थळी फरक पडू शकतो आणि ४ + जे३ पुन्हा तंतोतंत ४ + जे३ राहील याची खात्री नाही.

कार्तीय रूपातही खड्डे आहेत. कोन काढायला कल्पित भागाला वास्तव भागाने भागून त्याचा व्यस्त टॅन घ्यायचा, असं शाळेत शिकलेलो असतो. ३ भागिले ४ म्हणजे ०.७५, कोन ३६.८७. पण उणे ३ भागिले उणे ४ हेही ०.७५ च! ४ + जे३ म्हणजे वीज खाणारी मोटार, आणि उणे ४ उणे जे३ म्हणजे उलट तारेत वीज ढकलणारं जनित्र. भागाकारात दोन्ही उणे चिन्हं एकमेकांना खाऊन टाकतात आणि जनित्राची मोटार होते. म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे घेऊन चतुर्थांश ओळखणारं अ‍ॅटॅन-टू नावाचं फंक्शन जवळपास प्रत्येक भाषेत असतं, आणि कोनांक काढायला तेच वापरायचं. मापांकातही तसंच. वर्ग करून बेरीज करून मूळ काढणं हे सूत्र बरोबर आहे, पण नेहमीच्या डबल प्रकारात दहाच्या ३०८ व्या घातापलीकडचा आकडा मावत नाही. वास्तव भाग दहाचा २०० वा घात असेल तर उत्तर आरामात मावणारं असूनही मधला वर्गच फुटतो. हायपॉट हे फंक्शन यासाठी आहे. ते आधी मोठा आकडा बाहेर काढतं आणि मग वर्ग करतं. गिरणीच्या हिशेबात असे आकडे येणार नाहीत हे खरं, पण क्लास लिहिणाऱ्याला तो कोण आणि कशाला वापरणार आहे हे माहीत नसतं.

आणि काही चिन्हं ओव्हरलोड करायची नसतात. ४ + जे३ मोठी की ३ + जे४? या प्रश्नाला अर्थ नाही. बेरीज-गुणाकाराशी जुळेल असा लहान-मोठेपणाचा क्रम संमिश्र संख्यांना लावताच येत नाही, हे गणितात सिद्ध आहे. पायथनमध्ये अशा दोन संख्यांमध्ये पेक्षा-लहानचं चिन्ह घातलं तर तो सरळ चूक दाखवून थांबतो, आणि ते योग्य आहे. केव्हीए ताडून पाहायचे असतील तर मापांक ताडून पाहा, तसं लिहा. पायथनमध्ये या संख्या भाषेतच आहेत, आणि त्या लिहिताना शेवटी जे लावतात. म्हणजे त्या भाषेने गणितज्ञांऐवजी विजेवाल्यांचं ऐकलं. जावाने मात्र चिन्हं ओव्हरलोड करण्याची सोयच ठेवली नाही. तिथे स्वतःचा संमिश्र क्लास लिहिता येतो, पण गुणाकार-बेरीज लिहायची तर झेड१.गुणा(झेड२).मिळवा(झेड३) अशी आगगाडी जोडावी लागते. चिन्हांचा गैरवापर होतो म्हणून ती नकोत, हा जावाचा युक्तिवाद मला पटतो. संमिश्र संख्यांपुरता तो पटत नाही.

आता वारशाचं प्रकरण. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकवताना एका क्लासपासून दुसरा क्लास काढायचा नियम सांगतात: जिथे 'हे त्या प्रकारचं आहे' असं म्हणता येईल तिथे वारसा लावा. प्रत्येक वास्तव संख्या ही संमिश्र संख्या असते, कल्पित भाग शून्य असलेली. गणितात हे शंभर टक्के खरं. म्हणून वास्तव हा क्लास संमिश्रपासून काढला, आणि संमिश्रमध्ये कल्पित भाग बदलण्याची मेथड, म्हणजे क्लासमधली क्रिया, असेल, तर कुणीही भट्टीचा तो वास्तव ऑब्जेक्ट घेईल आणि त्याचा कल्पित भाग ५ करून ठेवील. मग तो वास्तव उरला कुठे? उलटा वारसा लावला, संमिश्र हा वास्तवपासून काढला, तर त्याला पेक्षा-लहानचं चिन्ह वारशाने मिळतं, जे त्याला निभावता येत नाही. गणितातला उपसंच आणि प्रोग्रामिंगमधला वारसा ही दोन नाती वेगळी आहेत, आणि त्यांची गल्लत या एका उदाहरणात जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच कुठे दिसते. यावर सरळ उपाय म्हणजे वारशाचा नाद सोडायचा आणि वास्तव संख्येपासून संमिश्र तयार करणारा कन्स्ट्रक्टर ठेवायचा. सी प्लस प्लसच्या प्रमाणित लायब्ररीत हेच आहे. कल्पित भाग दिला नाही तर शून्य धरला जातो.

आणि कल्पित भाग बदलण्याची मेथड मुळात ठेवूच नये. सात ही संख्या बदलत नाही. सातच्या जागी आपण आठ लिहितो. ४ + जे३ चंही तसंच असावं. भट्टी आणि गिरणीतली दिव्यांची ओळ यांच्या भाराला एकच ऑब्जेक्ट दिलेला असेल, आणि भट्टी वाढवताना कुणी त्या ऑब्जेक्टचाच आकडा बदलला, तर दिवेही आपोआप जास्त वीज खाऊ लागतात. पायथन आणि सी शार्प या दोन्हीकडच्या संमिश्र संख्या बनल्यावर बदलत नाहीत. नवा भार हवा तर नवी संख्या.

इथवर आलेल्या वाचकाला आतलं रूप लपवणं हा या क्लासचा धर्म वाटू लागला असेल, तर सी प्लस प्लसने २०११ साली काय केलं ते सांगायला हवं. त्या वर्षीच्या प्रमाणाने लिहून टाकलं की प्रमाणित संमिश्र क्लासच्या ऑब्जेक्टमध्ये स्मृतीत सलग दोन आकडे असतील, आधी वास्तव, मग कल्पित, आणि त्याकडे दोन आकड्यांची रांग म्हणून पाहण्याची मुभा राहील. म्हणजे पडदा भाषेनेच बाजूला सारला. कारण व्यवहारी होतं. ध्वनी, रडार, क्ष-किरण प्रतिमा यांच्या विश्लेषणात लाखो संमिश्र संख्यांच्या रांगा फोरट्रान आणि सीमध्ये लिहिलेल्या जुन्या, कसलेल्या लायब्रऱ्यांकडे सोपवाव्या लागतात, आणि त्या लायब्रऱ्यांना मेथड विचारायला वेळ नसतो; त्यांना कप्पे हवे असतात. डबल प्रकारातल्या दहा लाख संख्या अशा सलग रांगेत १ कोटी ६० लाख बाइट घेतात. त्याच संख्या जावात सुटे सुटे ऑब्जेक्ट म्हणून ठेवल्या तर प्रत्येकाचा मथळा आणि त्याच्यापर्यंत नेणारा पत्ता धरून जागा दुपटीहून जास्त लागते. टिफ्रॅकच्या काळातले दोन शेजारी कप्पे पन्नास वर्षांनी नियम होऊन परत आले. फरक एवढाच की आता त्यांचा क्रम कुणाला लक्षात ठेवावा लागत नाही.

शेवटी लालबागच्या गिरणीतून बाहेर पडून सगळ्या शहराकडे पाहू. बेट-शहराला वीज बेस्ट देते, ती येते निरनिराळ्या रिसीव्हिंग स्टेशनांतून, आणि राज्याच्या जाळ्यावर नजर ठेवणारं भार प्रेषण केंद्र ऐरोलीजवळ कळव्याला आहे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई अंधारात गेली तेव्हा बातम्यांत ज्या वाहिन्या आणि उपकेंद्रांची नावं ऐकू आली, ती सगळी या जाळ्याचे धागे आणि गाठी. कोणत्या धाग्यावर किती भार पडेल, एक तुटला तर बाकीच्यांवर काय येईल, हा हिशेब म्हणजे पॉवर फ्लो. प्रत्येक गाठीला एक संमिश्र व्होल्टेज असतं आणि प्रत्येक धाग्याला एक संमिश्र प्रवाहकता. टिनी आणि हार्ट यांनी १९६७ साली हा हिशेब न्यूटनच्या पद्धतीने सोडवायची रीत बसवली, आणि तिचं जे रूप सर्वांत जास्त रुळलं त्यात दोन्ही रूपं एकाच सूत्रात शेजारी बसतात: व्होल्टेज ध्रुवीय, कारण चालकाला व्होल्टेजचं मान सांभाळायचं असतं आणि किलोवॅट कुठून कुठे वाहतील ते मुख्यतः कोनांच्या फरकावर ठरतं, प्रवाहकता कार्तीय, कारण एका गाठीला जोडलेल्या धाग्यांची बेरीज करावी लागते.

इथे आपला क्लास हुकमी पत्ता ठरायला हवा. पण एका जागी तो अडतो. शक्ती काढायला व्होल्टेजला प्रवाहाने नुसतं गुणून चालत नाही. प्रवाहाच्या कल्पित भागाचं चिन्ह आधी उलटं करावं लागतं. मघाच्या गुंडाळीत २३० गुणिले २७.६ अधिक जे३६.८ केल्यावर ६३४८ वॅट आणि ८४६४ व्हार असं बरोबर उत्तर येतं. चिन्ह उलटवायचं विसरलं तर मोटार कागदोपत्री कपॅसिटर होते. हे चिन्ह उलटवणं क्लासमध्ये एका छोट्या मेथडचं काम आहे, आणि गणिताच्या दृष्टीने त्यातच सगळी गोम आहे. न्यूटनच्या पद्धतीला विकलन लागतं, आणि चिन्ह उलटवण्याच्या क्रियेचं संमिश्र संख्यांच्या अर्थाने विकलन होतच नाही. त्यामुळे पॉवर फ्लोचा प्रोग्राम तिथे पोचला की प्रत्येक गाठीचं व्होल्टेज फोडून मान आणि कोन अशा दोन वास्तव संख्या करतो, किलोवॅटचं एक आणि किलोव्हारचं एक अशी प्रत्येक गाठीमागे साधारण दोन समीकरणं मांडतो, आणि विकलनं या दोन वास्तव संख्यांच्या संदर्भात घेतो. उत्तर जुळलं की मान आणि कोन पुन्हा एका ऑब्जेक्टमध्ये बांधले जातात, आणि प्रत्येक धाग्यातला प्रवाह काढायला तोच संमिश्र क्लास पुन्हा कामाला लागतो.